मूर्ती, सिक्का आणि मधे अडकलेले शेषसायी : इन्फोसिसच्या भांडणाचं पूर्ण प्रकरण

१८ ऑगस्ट २०१७, शुक्रवार. सकाळी बातमी आली की इन्फोसिसचे सीईओ विशाल सिक्कांनी राजीनामा दिला आणि हिंजवडीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. मी काही इन्फोसिसमध्ये नव्हतो, दुसऱ्याच एका कंपनीत होतो, पण पुण्यात आयटीत असलेल्या माणसाच्या घरात नाहीतर बिल्डिंगमध्ये एक तरी इन्फोसिसवाला असतोच. चहावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, मूर्तींनी एकदा खुर्ची सोडली ना मग सोडली, आता लुडबुड कशाला. दुसरी म्हणे, ज्याने दहा हजारात कंपनी उभी केली त्याने साधं विचारायचं पण नाही का? संध्याकाळपर्यंत शेअर जवळपास १० टक्के पडला आणि २२ हजार कोटींहून जास्त मार्केट व्हॅल्यू एका दिवसात गेली.

पुढे मी नोकरी सोडून कंपन्यांमध्ये ट्रेनिंग घ्यायला लागलो, आणि "वरच्या लोकांचं आपसात पटत नाही" हा विषय आला की मी हीच केस काढतो. कारण यातलं बहुतेक सगळं उघड्यावर झालंय. एरवी डायरेक्टर लोकांची भांडणं बंद दाराआड होतात आणि आपल्यापर्यंत फक्त "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा" एवढंच येतं. इथे पत्रं, ईमेल, स्टेटमेंट, मतदानाचे आकडे, सगळं पेपरात आलं. पण वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर बरोबर कोण होतं? मी म्हणतो तो प्रश्न थोडा बाजूला ठेवू, कारण माझ्या मते या प्रकरणात तिघंजण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते आणि प्रत्येकाचं आपापल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी बरोबर होतं.

आधीची गोष्ट

कंपनी सुरू झाली पुण्यातच, १९८१ च्या जुलैत. पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले सात इंजिनिअर, आणि सुधा मूर्तींनी साठवलेल्या पैशातून दिलेले दहा हजार रुपये, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९८३ मध्ये बंगळुरूला गेले. १९९३ ला शेअर बाजारात, १९९९ ला अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजारावर. आता हे बघा : नारायण मूर्ती २००२ पर्यंत सीईओ, मग नंदन निलेकणी २००७ पर्यंत, मग क्रिस गोपालकृष्णन २०११ पर्यंत, मग शिबुलाल २०१४ पर्यंत. म्हणजे ३३ वर्षं चाव्या संस्थापकांच्याच कमरेला. बाहेरच्या माणसाला घर सोपवायची सवयच नव्हती या कंपनीला, आणि ती सवय नसणं हे या भांडणाचं बी आहे असं मला वाटतं.

शिबुलाल यांच्या काळात कंपनी मागे पडायला लागली, मोठमोठी माणसं सोडून जायला लागली, तेव्हा २०११ मध्ये रिटायर झालेले मूर्ती जून २०१३ मध्ये परत आले, वर्षाला एक रुपया पगारावर, आणि मुलगा रोहन यांना सहायक म्हणून सोबत घेऊन आले. त्यावरही तेव्हा लोक बोललेच. मग २०१४ च्या जूनमध्ये सिक्कांचं नाव जाहीर झालं आणि ऑगस्टपासून त्यांनी सूत्रं घेतली. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीत हाना नावाचं प्रॉडक्ट उभं करणारा माणूस, स्टॅनफर्डचा पीएचडी, कॅलिफोर्नियात पालो अल्टोला राहणारा. सिक्का मूर्तींच्या डोक्यावर कोणी लादले नव्हते, मूर्ती स्वतः चेअरमन असताना ही निवड झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये मूर्ती आणि क्रिस दोघंही बोर्डावरून उतरले आणि त्यानंतर बोर्डावर संस्थापकांपैकी एकही जण उरला नाही. घरात पावणेतेरा टक्के हिस्सा (१२.७५, सगळ्या संस्थापक कुटुंबांचा मिळून, त्यात मूर्ती कुटुंबाचा साडेतीनच्या आत) पण बैठकीत बसायला जागा नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

सुरुवात छान झाली. सिक्कांनी टाय-फॉर्मलची सक्ती काढली, लाखभर लोकांना डिझाइन थिंकिंगचं ट्रेनिंग दिलं, सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं, शेअर वर गेला. २०२० पर्यंत २० अब्ज डॉलर महसूल असं टार्गेट ठेवलं. (ते काही झालं नाही, त्या वर्षी कंपनी १२.८ अब्जाच्या आसपास होती, पण टार्गेट मोठं ठेवल्याबद्दल मी कोणाला नावं ठेवणार नाही.) चांगलं चाललेलं असताना आतली चुळबूळ दिसत नाही.

ठिणग्या

फेब्रुवारी २०१५ मध्ये पनाया नावाची इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरला घेतली. जुन्या इन्फोसिसला असल्या खरेद्यांची सवय नव्हती, पै पै मोजणारी संस्कृती, साहेब लोकसुद्धा इकॉनॉमी क्लासने फिरायचे अशा गोष्टी आम्ही पुण्यात बसून ऐकायचो.

मग ऑक्टोबर २०१५ मध्ये सीएफओ, म्हणजे पैशांचा हिशेब बघणारे मुख्य अधिकारी, राजीव बन्सल कंपनी सोडून गेले आणि खरी ठिणगी ही. त्यांना जाताना २४ महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम कबूल केली, १७ कोटी ३८ लाख. करारात एरवी तीन महिन्यांची सोय. त्यातले पाचेक कोटी दिल्यावर ओरड झाली आणि बोर्डाने बाकीचे थांबवले. आता इथे एक मिनिट थांबा, कारण माझ्या दृष्टीने बोर्डाची पहिली मोठी चूक इथेच आहे आणि ती पैसे देण्यात नाही. वर्षाला साठ हजार कोटींच्या वर महसूल असलेल्या कंपनीला १७ कोटी म्हणजे किस झाड की पत्ती. चूक ही की दिले तेव्हा आपणहून सांगितलं नाही, आणि ओरड झाल्यावर मधेच थांबवले. देताना "योग्य आहे म्हणून देतोय" आणि थांबवताना "अयोग्य आहे म्हणून थांबवतोय" असं दोन्ही एकाच तोंडाने म्हटलं की समोरच्याला वाटणारच काहीतरी शिजतंय. इन्फोसिसमध्ये एक वाक्य घोटून घोटून शिकवलेलं होतं, शंका असेल तर जाहीर करून टाका. मूर्तींनी कंपनीचीच पट्टी कंपनीला लावली आणि पुढे उघड म्हणाले की अशा रकमा बघून शंका येते की काही लपवण्यासाठी तोंड बंद ठेवायला पैसे दिले जातायत का.

फार जहाल वाक्य आहे हे. बन्सल यांना काय वाटलं असेल, त्यांच्याबद्दल कोणीच विचार केला नाही त्या दोन वर्षांत.

बाकीच्या ठिणग्या भराभर सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये पुनिता सिन्हा स्वतंत्र डायरेक्टर झाल्या, त्यांचे पती जयंत सिन्हा तेव्हा केंद्रात अर्थ राज्यमंत्री, संस्थापकांना ते रुचलं नाही. सिक्कांचं पॅकेज ७० लाख डॉलरच्या आसपास होतं ते १ कोटी १० लाख डॉलरपर्यंत वाढवलं, त्यात मोठा भाग कामगिरीवर अवलंबून, आणि खरं तर पुढच्या वर्षी टार्गेट न गाठल्यामुळे हातात बरंच कमी पडलं, पण लोकांच्या लक्षात राहतो तो मोठा आकडा. मग कंपनीचे मुख्य वकील डेव्हिड केनेडी गेले, त्यांनाही निरोपाचे साडेआठ लाख डॉलरच्या वर. बन्सलच्या प्रकरणानंतर पुन्हा तेच.

फेब्रुवारी ते ऑगस्ट

फेब्रुवारी २०१७ मध्ये मूर्ती उघडपणे बोलले. त्याच सुमारास शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीकडे एक निनावी पत्र गेलं, पनायाच्या खरेदीत गडबड आहे असं. १३ फेब्रुवारीला मुंबईत प्रेस कॉन्फरन्स झाली, चेअरमन आर. शेषसायी आणि सिक्का दोघंही हजर. तिथे सिक्का म्हणाले की मूर्तींशी माझे संबंध छान आहेत, भेटतो तेव्हा आम्ही क्वांटम फिजिक्सवर बोलतो, ते मला पॅरिस मेट्रोच्या दिवसांबद्दल सांगतात. अशा अर्थाचं.

मी वर्गात हे वाचून दाखवतो तेव्हा लोक हसतात. पण मला ते हसण्यासारखं वाटत नाही, मला तर या सगळ्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. दोन हुशार माणसं, दोघांना एकमेकांच्या बुद्धीबद्दल आदर, समोरासमोर बसतात आणि क्वांटम फिजिक्सवर बोलतात, आणि ज्या विषयावर भांडण आहे तो विषय पेपरवाल्यांशी बोलतात. आपल्याकडे लग्नघरात बघा, दोन भावांमध्ये जमिनीवरून धुसफूस असते आणि समोर आले की "काय मग, पाऊसपाणी कसं तुमच्याकडे?" पाऊसपाण्याने भांडण वाढत नाही हे खरं पण मिटतही नाही.

बोर्डाने संस्थापकांशी बोलायला म्हणून एक मोठी लॉ फर्म नेमली. हेतू चांगला असेल. पण ज्याची तक्रार आहे की "तुम्ही मला कायदा सांगता, मी रीत विचारतोय" त्याच्याकडे तुम्ही वकील पाठवता, हे म्हणजे रुसलेल्या आत्याला समजवायला तलाठी पाठवण्यासारखं झालं.

एप्रिलमध्ये सीओओ (रोजचा कारभार बघणारे अधिकारी) प्रवीण राव यांच्या पगारवाढीचा ठराव शेअरहोल्डरांच्या मतदानाला आला. मूर्तींनी पत्र लिहिलं आणि ते मीडियाकडे गेलं. प्रवीणबद्दल मला प्रेमच आहे, मीच त्याला कंपनीत घेतलं, असं लिहून पुढे म्हणाले की बहुतेक कर्मचाऱ्यांना ६ ते ८ टक्के वाढ देताना वरच्या माणसाला ६० ते ७० टक्के देणं योग्य नाही. ठराव पास झाला पण दोन तृतीयांशाच्या आसपास मतांनीच, आणि असल्या ठरावांना एरवी नव्वदच्या वर मतं पडतात. म्हणजे आवाज फक्त एका म्हाताऱ्या संस्थापकाचा नव्हता. बोर्डाने त्या आकड्याकडे नीट बघायला हवं होतं. त्यांनी रवी वेंकटेशन यांना को-चेअरमन केलं. एका चेअरमनने जमत नाही म्हणून दोन. खुर्च्या वाढल्या, बोलणं वाढलं नाही.

जून २०१७ मध्ये पनायाच्या चौकशीचा निकाल आला. बाहेरच्या नामांकित लॉ फर्मने केलेली चौकशी, कुठल्याही गैरव्यवहाराचा पुरावा नाही. कंपनीने सारांश छापला, पूर्ण रिपोर्ट नाही. मूर्ती म्हणाले पूर्ण रिपोर्ट द्या. बोर्ड म्हणालं नाही देणार.

मला विचाराल तर भांडण सुटण्याची शेवटची खरी संधी ही होती आणि ती गेली. बोर्डाची बाजूही समजून घेतो मी, चौकशीत ज्यांनी जबाब दिले त्यांना गुप्ततेचा शब्द दिलेला असतो, उद्या प्रत्येक चौकशी छापा म्हटलं तर कोण तोंड उघडेल. पण "छापणे" आणि "कपाटात ठेवणे" यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या असतात हो. दोघांना मान्य असलेला एखादा निवृत्त न्यायाधीश घ्या, त्याला सगळं वाचू द्या, मूर्तींनी काय विचारायचं ते त्याला लेखी द्यावं, त्याने प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही लिहावं, नावं झाकून. दोन आठवड्यांचं काम. हे कोणी सुचवलं असेल आणि फेटाळलं गेलं असेल तर कल्पना नाही, पण बाहेर जे दिसलं त्यात असं काही झालेलं दिसत नाही. जुलैमध्ये मूर्ती टीव्हीवर म्हणाले की २०१४ मध्ये कंपनी सोडली याचा पश्चात्ताप होतो. म्हणजे आता विषय १७ कोटींचा राहिलाच नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर मूर्तींचा एक ईमेल पेपरात आला, त्यात लिहिलं होतं की काही स्वतंत्र डायरेक्टर आपल्याला सांगतात की सिक्का सीईओपेक्षा सीटीओ, म्हणजे फक्त तंत्रज्ञान बघणारा अधिकारी, म्हणून जास्त शोभतात. आणि लगेच सिक्कांचा राजीनामा. तेच तेच मुद्दे पुन्हा पुन्हा, केलेल्या कामाकडे दुर्लक्ष, वैयक्तिक पातळीवरचे हल्ले, हे सगळं सहन होण्यापलीकडे गेलंय असा त्यांच्या पत्राचा सूर. आणि बोर्डाने स्टेटमेंट काढलं त्यात मूर्तींचं नाव घेऊन सरळ लिहिलं की त्यांच्या सततच्या हल्ल्यामुळेच सीईओ गेला. मूर्ती म्हणाले, असल्या बिनबुडाच्या आरोपांना उत्तर देणं माझ्या प्रतिष्ठेला शोभत नाही.

झालं. आता परत यायचा रस्ताच नाही.

तिघांचे तीन प्रश्न

आता थोडं उलगडून बघू. भांडणाचे साधारण तीन थर असतात. कामावरून (पनाया घ्यावी का नको), पद्धतीवरून (घ्यायचं कोणी ठरवलं, कोणाला सांगितलं), आणि माणसावरून (तू नालायक, तू लुडबुड्या). पहिल्या थरात असताना भांडण उलट फायद्याचं असतं, चार डोकी जास्त चालतात. दुसऱ्या थरात गेलं की मधे कोणीतरी लागतो. तिसऱ्यात गेलं की कोणाला तरी घर सोडावं लागतं. इन्फोसिसमध्ये मजा अशी झाली की पहिला थर जवळपास झालाच नाही, सिक्कांची स्ट्रॅटेजी चूक की बरोबर यावर कोणी जाहीर वाद घातलाच नाही. थेट दुसऱ्या थरात सुरू झालं आणि सहा महिन्यांत तिसऱ्यात.

मूर्ती विचारत होते, हे आपल्या रीतीला धरून आहे का? बोर्ड उत्तर देत होतं, हे कायद्याला धरून आहे. दोन्ही खरं असू शकतं. घरातल्या सुनेने हॉटेलमधून जेवण मागवलं, सासूबाई म्हणाल्या आपल्याकडे सणाला बाहेरचं आणत नाहीत, आणि मुलगा म्हणाला, अगं आई पण हॉटेलकडे लायसन्स आहे. बरोबर आहे मुलाचं. पण आईने लायसन्स कुठे विचारलं होतं?

सिक्कांचा प्रश्न तिसराच. मी जे करतोय ते कोणाला दिसतंय का? आठ हजार मैलांवर बसून दोन लाख लोकांची जुनी सवय बदलायचा प्रयत्न करणारा माणूस, आणि त्याच्याबद्दलची चर्चा पगाराची, विमानाची, निरोपाच्या पैशांची. त्याने चिडणं स्वाभाविक होतं. पण पालो अल्टोला राहणं ही मला त्यांची चूक वाटते, कंपनीचा आत्मा बंगळुरूला, म्हैसूरला, आमच्या हिंजवडीला, आणि साहेब कॅलिफोर्नियात. राजीनाम्याच्या दिवशीही ते व्हिडिओवरूनच बोलले. मूर्ती बंगळुरूला जयनगरमध्ये. जाता येता सहज भेट होण्यात जे मिटतं ते ठरवून केलेल्या मीटिंगमध्ये मिटत नाही.

आणि मूर्तींची चूक? आहे ना. प्रश्न विचारायचा हक्क मी त्यांना पूर्ण देतो, शेअरहोल्डर म्हणून पण आणि संस्थापक म्हणून पण. पण प्रश्न विचारणं आणि उत्तर येईपर्यंत रोज पेपरात विचारणं यात फरक आहे. पन्नास वर्षांत कमावलेलं वजन त्या माणसाच्या शब्दाला आहे, त्यांनी सहज "शंका येते" म्हटलं तरी बाजारात त्याचा "सिद्ध झालं" होतो. सीटीओवाला तो ईमेल तर नक्कीच नको होता. कोणी कानात सांगितलेलं दुसऱ्याच्या नावावर लिहायचं नसतं.

पण माझा सगळ्यात जास्त राग, किंवा राग नको म्हणा, हळहळ, शेषसायींबद्दल आहे. अशोक लेलँड चालवलेला अनुभवी, सभ्य माणूस. पण चेअरमनचं काम असतं दोन्ही अंगणात पाय ठेवून उभं राहायचं. ते सीईओच्या अंगणात जाऊन उभे राहिले, ढाल होऊन. सीईओला पाठिंबा देणं चूक नाही, पण ढाल झालात की पूल होता येत नाही. मग संस्थापकांना बोलायला बोर्डात माणूसच उरला नाही आणि ते पेपरांकडे गेले. त्या १८ तारखेच्या स्टेटमेंटमध्ये मूर्तींचं नाव घालायचा निर्णय ज्यांनी कोणी घेतला त्यांनी तो मसुदा एक रात्र उशाखाली ठेवायला हवा होता.

मग मिटलं कसं

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बोर्डाने १३ हजार कोटींचं बायबॅक मंजूर केलं, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर परत विकत घ्यायचे, ११५० रुपये भावाने. सोमवारी शेअर आणखी पडला. पैशाने रुसवा जात नाही. मग म्युच्युअल फंड आणि इन्शुरन्सवाल्या बाराजणांनी मिळून पत्र दिलं की निलेकणींना आणा. आणि २४ ऑगस्टला, म्हणजे राजीनाम्यापासून सहाव्या दिवशी, निलेकणी चेअरमन झाले. सिक्का, शेषसायी आणि आणखी दोन परदेशी डायरेक्टर त्याच दिवशी बाहेर. वेंकटेशन यांनी को-चेअरमनपद सोडलं.

निलेकणीच का चालले याचा विचार करण्यासारखा आहे. ते संस्थापक, त्यामुळे मूर्तींना वाटणारी भीती की "हे लोक आपली रीत मोडतायत" ती आपोआप गेली. पण ते मूर्तींचे निरोपे नव्हते, पटनीत असताना मूर्तींनीच त्यांना घेतलं होतं हे खरं, पण नंतर स्वतः सीईओ झाले, आधार उभं केलं, त्यांचं वजन त्यांचं स्वतःचं. पगार घेतला नाही, म्हणजे ज्या विषयावरून दोन वर्षं रान पेटलं होतं त्या विषयाला जागाच ठेवली नाही. आणि मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे की ते सीईओ झाले नाहीत. घरचा मोठा माणूस परत आला पण स्वयंपाकघरात शिरला नाही, ओसरीवर बसला.

डिसेंबरमध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच आयटी कंपनीतले सलिल पारेख सीईओ म्हणून निवडले, जानेवारी २०१८ पासून रुजू. पुन्हा बाहेरचाच माणूस. म्हणजे "बाहेरचा नको" हा मुद्दा कधी नव्हताच, "कोणालाच न विचारता नको" हा होता. पारेख कमी बोलणारे. काही माणसांचं कमी बोलणं हीच मोठी लायकी असते.

आणि आता सगळ्यात गमतीशीर भाग. २४ ऑक्टोबर २०१७ ला निलेकणींच्या बोर्डाने सगळं तपासून सांगितलं की आधीच्या चौकशीचे निष्कर्ष बरोबर आहेत, आरोपांत तथ्य नाही, आणि पूर्ण रिपोर्ट प्रसिद्ध करणार नाही. शब्दशः तेच उत्तर जे शेषसायींनी जूनमध्ये दिलं होतं! मूर्ती म्हणाले मी माझ्या प्रत्येक प्रश्नावर ठाम आहे, निराश झालोय, आता खरं काय ते कधीच कळणार नाही. आणि त्याच आसपास असंही म्हणाले की आता नंदन आहेत तर आपण सगळे शांत झोपू शकतो.

तेच उत्तर, एकदा शेअर पाडतं आणि दुसऱ्यांदा झोप लावतं. आपल्या मराठीत मिटणं आणि सुटणं हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. भांडण मिटलं. प्रश्न सुटला नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लवादाने बन्सल यांच्या बाजूने निकाल दिला की उरलेले १२ कोटी १७ लाख व्याजासकट द्या, म्हणजे ज्या पैशावरून हे सगळं सुरू झालं ते शेवटी द्यायलाच लागले. पनाया विकायला काढली, तिची किंमत हिशेबात खाली आणली. पण तोवर कोणाला त्यात रस उरला नव्हता. लोक म्हणतात तत्त्वाचं भांडण होतं, असेल, पण तत्त्वाची भांडणं सुद्धा विश्वासाचा माणूस आला की बसतात आणि विश्वासाचा माणूस नसेल तर पुरावा दिला तरी उठतात.

एक परीक्षा पुढे झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा निनावी पत्रं, यावेळी पारेख आणि सीएफओ निलांजन रॉय यांच्यावर, हिशेब फुगवल्याचे आरोप. २२ ऑक्टोबरला शेअर एका दिवसात १६ टक्के पडला, २०१७ पेक्षा वाईट. पण यावेळी चेअरमन स्वतः पुढे आले, तक्रार ऑडिट कमिटीकडे दिली, ज्यांच्यावर आरोप त्या दोघांना चौकशीपासून लांब ठेवलं, आणि मधे जेव्हा कुजबुज सुरू झाली की या मागे संस्थापकच असतील तेव्हा निलेकणींनी जाहीर निवेदन काढून ती कुजबुज झिडकारली, संस्थापकांबद्दल आदराने बोलले. २०१७ मध्ये बोर्डाच्या निवेदनात संस्थापकाचं नाव आरोपी म्हणून होतं, २०१९ मध्ये बचाव म्हणून. जानेवारी २०२० मध्ये दोघांना क्लीन चिट मिळाली आणि विषय संपला. मूर्ती पेपरात नव्हते. त्यांना यावेळी पेपराची गरज पडली नसावी.

मागच्या वर्षी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सवाल्याकडे हेच सगळं सांगत होतो. कंपनी वडिलांनी उभी केलेली, आता मुलगा बघतो, बाहेरून एक सीईओही आणलाय. ब्रेकमध्ये मुलगा म्हणाला, सर आमच्याकडे पण सेम आहे, आप्पा रिटायर झालेत पण रोज अकराला येतात आणि साहेबांच्या केबिनसमोर खुर्ची टाकून बसतात, काय करू? मी म्हटलं, महिन्याचे आकडे आप्पांना कोण सांगतं? तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तसं कोणीच नाही, ते अकाउंट्समधल्या जोशीकाकांना विचारतात, चहाच्या वेळेला, हळूच.